नुसत्या बुरशीचा खण: माझा अनुभव

जुलैत रत्नागिरीत चपलांना, पट्ट्यांना, कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी धरते. अशा हवेत मला पीएचडीच्या पहिल्या वर्षी कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी माणसाच्या पेशी किती मारते, ते मोजायचं होतं. हवेतली बुरशी बाहेर ठेवायची आणि हवी ती मोजून टाकायची, यातच महिना गेला.

तोंडाच्या अस्तराच्या टीआर१४६ पेशी ९६ खणांच्या प्लेटमध्ये वाढवल्या, वर कॅन्डिडा सोडली आणि २४ तासांनी एमटीटी घातलं. हे पिवळं रसायन जिवंत पेशी जांभळं करतात. सगळे खण गडद जांभळे झाले. म्हणजे पेशी ठणठणीत! पण सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतः पाहिलं होतं: बुरशीच्या तंतूंचं जाळं आणि त्यात तळापासून सुटून आलेल्या पेशी.

मॅडमनी एकच विचारलं, "नुसत्या बुरशीचा खण ठेवला होतास का?"

नव्हता ठेवला. पुढच्या वेळी ठेवला, तर तोही जांभळा. जिवंत कॅन्डिडासुद्धा एमटीटीचा रंग बदलते. माझे तीन आठवडे बुरशीचाच जिवंतपणा मोजण्यात गेले होते.

मग एलडीएचकडे वळले. हे विकर (एन्झाइम) पेशीच्या आत असतं, पेशीचं पटल फाटलं की बाहेरच्या द्रवात येतं. तो द्रव काढून घ्यायचा, अभिकारक घालायचा आणि लाल रंग ४९० नॅनोमीटरवर मोजायचा. बुरशी न घातलेल्या पेशींची गळती म्हणजे शून्य, ट्रायटन या साबणासारख्या रसायनाने पूर्ण फोडलेल्या पेशी म्हणजे शंभर. पहिल्या खेपेला शून्यच भलतं वर आलं, कारण पेशी वाढवायच्या माध्यमात १० टक्के सीरम (रक्तातला द्रव) होतं आणि सीरममध्ये स्वतःचं एलडीएच असतं. ते १ टक्क्यावर आणलं.

एका रात्री लाईट गेली आणि इनक्युबेटर थंड पडला. सकाळी कॅन्डिडा बहुतेक गोल यीस्टच राहिलेली, पेशी शाबूत. प्लेट वाया गेली, पण मी ती बराच वेळ बघत बसले. पेशी फोडणारं कॅन्डिडालायसिन हे ३१ अमिनो आम्लांचं विष २०१६ साली समोर आलं आणि हे विष बुरशीचे तंतूच तयार करतात, हे मी वाचलं होतं. ३७ अंश नाहीत, तर तंतू नाहीत. तंतू नाहीत, तर विष नाही.

गणपतीला घरी जायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची प्लेट वाचली. ट्रायटनचे खण लालभडक, कॅन्डिडाचे त्यांच्या खालोखाल आणि नुसत्या बुरशीचे फिकट.