वहीत बत्तीस हजार, खिशातून त्रेसष्ट

जायचं होतं कच्छला, आतून घर केलेली आमची मिनीबस घेऊन. पण दाजी म्हणाले, "एवढी लांब नेण्याआधी घराभोवती एक प्रदक्षिणा घालून बघा. काही मोडलंच तर मी स्कूटरवरनं येऊ शकेन एवढ्या अंतरात ठेवा." गाडीत त्यांचेही निम्मे पैसे असल्यामुळं ऐकावं लागलं. म्हणून जानेवारी 2025 मध्ये मी, बायको आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई असे तिघं साताऱ्यातून निघालो. सातारा आणि सांगली या दोनच जिल्ह्यांत सतरा दिवस फिरलो. अंतर झालं 860 किलोमीटर. वहीत खर्च धरला होता 32,000 रुपये. परत येऊन बेरीज केली तर 63,050.

सगळे पहिल्यांदा डिझेलचं विचारतात. डिझेलनं अजिबात दगा दिला नाही. गाडीनं लिटरला साडेआठच्या आसपास दिलं आणि तो आकडा धरलेल्या रकमेच्या आतच बसला. वरचे एकतीस हजार गेले ते गाडीच्या उंचीत, वजनात, शेपटीत आणि एका उंदरात.

शेपटीचं पहिल्याच दिवशी कळलं. गाडी म्हणजे जुनी मिनीबस, मिरजेतल्या एका मिस्त्रीकडून आतून घर करून घेतलेली. मागच्या चाकांच्या मागं जवळजवळ दोन मीटर धड लोंबतं आणि त्याखाली मोरीच्या पाण्याचा पाइप. यवतेश्वरचा घाट कारनं शेकडो वेळा चढलोय, त्यामुळं फाजील आत्मविश्वास होता. एका उभ्या वळणावर समोरून एसटी आली, मी गाडी आत दाबली, पुढची चाकं चढाला लागली आणि मागून 'कर्र' असा आवाज आला. पाइप मुळापासून तुटला आणि दुपारच्या भांड्यांचं खरकटं पाणी घाटात ओघळायला लागलं. मागचा दुचाकीवाला काय बोलला ते इथं लिहीत नाही. दुरुस्तीचे 1,850 गेले. मिस्त्रीला आधीच सांगा, मागच्या चाकांच्या पलीकडं खाली लोंबणारं काहीही नको. पाइप, पायरी, टाकीचा कॉक, सगळं दोन चाकांच्या मध्ये घ्यायचं. कासला फुलांच्या हंगामात अशी गाडी न्यायच्या फंदात पडू नका. आम्ही गेलो तेव्हा पठार वाळून पिवळं पडलेलं होतं, गर्दी नव्हती, म्हणून निभावलं.

मग हायवे. साताऱ्याच्या पुढं सहापदरीकरणाचं काम चालू होतं, दर थोड्या वेळानं सेवा रस्त्यावर उतरवत होते. खड्ड्यातून गाडी गेली की कपाटाची दारं आपोआप उघडायची. उंब्रजपर्यंत तीन कप आणि साखरेचा डबा गेला. आईनं शेवटी जुन्या साडीच्या काठानं दारं बांधली. पुढं मी महागडे चुंबकी खटके आणून लावले, पण भरवसा अजून त्या काठावरच आहे.

उंब्रजहून आत पालीला खंडोबाची यात्रा होती. पौषात देव-म्हाळसेचं लग्न लागतं, आणि आईला ते गाडीतून, म्हणजे "बसल्या जागी" बघायचं होतं. बसल्या जागी काही दिसलं नाही, आम्ही दीड किलोमीटर अलीकडंच अडकलो. पण भंडारा पोचला! कुणीतरी गच्चीवरून परात उधळली आणि सगळी गाडी सोन्याची झाली. नंतर बघितलं तर छतावरच्या सोलर पॅनेलचा करंट तीस अँपिअरवरून वीसवर आलेला. आता इथं मी केलेली चूक करू नका. मी बादलीभर पाणी ओतलं. ओली हळद पॅनेलच्या कडांना आणि छताच्या फटींना धरून बसली. भंडारा कोरडाच, मऊ ब्रशनं झाडायचा असतो आणि मगच पाणी मारायचं. कऱ्हाडात धुलाई केंद्रावर 700 रुपये दिले, तरी निम्माच गेला.

कऱ्हाडच्या अलीकडं तासवडेचा टोल. इथं चूक निव्वळ आमची. फास्टॅग आम्ही कारचा लावून घेतला होता, आतून घर असलं तरी धड मिनीबसचं आहे हे डोक्यातच आलं नाही. टॅग बंद पडलेला, मागं रांग, आणि दुप्पट टोल रोख. 2008 च्या नियमांत कारचा मूळ दर किलोमीटरला 65 पैसे आहे आणि मिनीबस किंवा हलक्या मालवाहू गाडीचा 1 रुपया 5 पैसे. पुढं दरवर्षी वाढ होते, पण प्रमाण साधारण तेच राहतं. म्हणजे घरून निघतानाच कारच्या दीडपटीहून जास्त टोल धरायला हवा होता. 15 नोव्हेंबर 2025 ला नवा नियम आला: टॅग चालला नाही आणि यूपीआयनं भरले तर सव्वापट, रोख दिले तर दुप्पटच. आणि तो फास्टॅगचा वार्षिक पास खासगी कार, जीप, व्हॅनसाठी आहे; मिनीबसच्या वर्गात नोंद असेल तर त्याचा नाद सोडा. या भानगडीत सगळं धरून 900 गेले.

कागदांचा विषय निघालाच आहे तर आत्ताच उरकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल केला तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. आम्ही ती करून घेतली होती. नोंद नसेल आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं निमित्त सापडतं. लायसन्सची काळजी कमी आहे, कारचं, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स 7,500 किलोपर्यंतच्या गाड्यांना चालतं, असं सांगून सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये तो घोळ मिटवलाय.

आता वजन. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती कुणीच सांगत नाही.

कऱ्हाड सोडून पेठ नाक्याकडं निघालो तेव्हा ब्रेक उशिरा लागतोय असं वाटायला लागलं. उसाचा हंगाम जोरात होता आणि आपल्या भागात ऊस आहे तिथं वजनकाटा आहेच. एका खासगी काट्यावर गाडी चढवली. काटेवाला चहा पीत होता. "काय घातलंय आत?" मी म्हटलं, घर. त्यानं पावती हातात दिली आणि स्वतःच हसला. पासिंगपेक्षा, म्हणजे आरसीवरच्या मंजूर वजनापेक्षा, 280 किलो जास्त. मी सवयीनं म्हटलं, काटा मारता काय? तो म्हणाला, "ऊस आणा, मग बोलू." रात्री बसून हिशेब केला. पाणी 150 लिटर म्हणजे 150 किलो, बॅटरी, गॅसची टाकी, मिस्त्रीनं हौसेनं घातलेलं जाड प्लायवूडचं कपाट, आणि आईचे लोणच्या-पापडाचे डबे. एकट्या डब्यांचं वजन 22 किलो भरलं.

जास्तीच्या वजनाचं बिल विट्यात आलं. सकाळी मागच्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा दिसला. पंक्चरवाल्यानं खाली वाकून टायरवरचे चार आकडे अंगठ्याच्या नखानं घासून दाखवले: 2318. म्हणजे 2018 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नव्यासारखी होती, कारण आधीच्या मालकाकडं गाडी नुसती उभीच होती. "नक्षी बगू नका, जलम बगा," तो म्हणाला. दोन टायर, 17,000. सगळ्या प्रवासातला हाच मोठा घाव. जुनी गाडी घेणाऱ्यांनी घासाघीस करायच्या आधी हे चार आकडे वाचावेत, आणि सामान पूर्ण भरून, पाण्याची टाकी काठोकाठ करून, माणसांसकट एकदा काट्यावर जावं. पावतीला वडापावाएवढे पैसे लागतात.

पेठ नाका ते विटा यांच्या मधलं सांगायचं राहिलं. सांगली-मिरजेत चार दिवस काढले, भडंग खाल्लं, आईनं मिरजेत सतारी बनताना बघितल्या. मग भिलवडीमार्गे औदुंबर. दत्ताच्या देवळाजवळ, कृष्णेच्या काठाला, ओळखीनं जागा मिळाली आणि ती संध्याकाळ या सगळ्या प्रवासाची फेड होती. पण तिथं जाताना मिरज-पुणे लोहमार्गाखालच्या एका भुयारी मार्गानं गाठलं. पाटी तीन मीटरची होती, गाडी आम्ही मोजली होती 2.95. मग अडकली कशी? मोज सपाट जागेवरची होती. भुयारी मार्गात रस्ता खाली उतरून परत वर चढतो, लांब गाडीची पुढची-मागची चाकं उतारावर असतात आणि मधलं छत वर उचललं जातं. त्यात डांबराचा थर चढला की पाटीवरचे तीन मीटर तीन राहत नाहीत. छतावरचं हवेचं झाकण फुटलं. नवं कुरिअरनं मागवलं, बसवण्यासकट 4,600. नवं येईपर्यंत खताच्या पोत्याचं प्लास्टिक आणि चिकटपट्टी. उंचीत किमान तीस सेंटीमीटर सूट धरा, आणि एकानं खाली उतरून बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

त्याच रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागं घेता येत नाही, म्हणून मागं तुम्हीच जायचं, हा आपल्याकडचा अलिखित कायदा आहे. मी मागं घेतली आणि मागचं चाक साइडपट्टीवरून पाटाच्या ओल्या मातीत बसलं. दुसऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं साखळी लावून ओढली. पाचशे रुपये तो घेत नव्हता, आईनं त्याच्या पोराच्या खिशात कोंबले.

मुक्काम कुठं करायचा, याचं उत्तर 'उसाच्या फडाशेजारी नाही' एवढं पक्कं लिहून ठेवा. देवराष्ट्रेच्या पुढं आम्ही तसाच केला. शेतमालकानं फक्त एवढंच सांगितलं, "रातच्याला खाली उतरू नका, बिबट्या हाय." उतरलो नाही. संडासाची वीस लिटरची पेटी भरलेली, ती रिकामी करायला जायचं धाडस कुणाला नाही. रात्रभर आम्ही तिघं संयमानं झोपलो. बिबट्या काही आला नाही. शेजारच्या फडाची तोड चालू होती, तिथून हाकललेला एक उंदीर मात्र बॉनेटमध्ये राहायला आला आणि त्यानं वायरिंग कुरतडलं. सकाळी गाडी चालूच होईना. दाजी स्कूटरवरनं आले, बरोबर वायरमन घेऊन. 2,300. आता मुक्कामाला पोचलो की बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवतो आणि आत दिवा लावतो; निदान तेव्हापासून पाहुणा आला नाही. ती पेटी कुठल्याही ओढ्यात, शेतात ओतू नका. भक्तनिवासाच्या किंवा पंपावरच्या संडासात, तिथल्या माणसाला विचारून आणि शंभराची नोट देऊन, रिकामी करायची.

मायणी, दहिवडी या भागात निराळाच प्रकार झाला. पांढरी गाडी, वर पेट्या, मागं शिडी. एका गावात थांबलो तर दहा मिनिटांत एक म्हातारे गुडघ्याचा एक्स-रे घेऊन दारात. "डॉक्टर कवा येणार?" मागं आणखी दोघी. आम्ही दवाखान्याचे नाही हे पटवायला अर्धा तास गेला. आईनं त्यांना चहा दिला आणि स्वतःच्या गुडघ्यावरच्या औषधाचं नाव सांगितलं, ते मला आवडलं नाही, पण म्हातारे समाधानानं गेले.

तिथंच पाणी मागायला नळावर गेलो. एक बाई म्हणाली, "गाडी धुयाला न्हाई ना घेत?" माणच्या दुष्काळी तालुक्यात हा प्रश्न गमतीनं विचारत नाहीत. टाकी चार दिवस पुरेल असं धरलं होतं, तिघांना दोन दिवसही धड पुरत नव्हती. त्यानंतर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आम्ही पैसे देऊन जारनं घेतलं, आणि आंघोळ एका तांब्यात जमते हे शिकलो. विजेचं तसंच. इंडक्शन शेगडी लावली की इन्व्हर्टर ओरडायचा. बारा व्होल्टवर ती दीडशे अँपिअर ओढते. तिसऱ्या दिवशीच ती बांधून ठेवली आणि गॅसवर आलो.

फलटणहून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी. पत्र्याच्या गाडीत जानेवारीतली पाचगणी म्हणजे फ्रीजमध्ये झोपणं. पहाटे तिघांच्या श्वासाचं पाणी छताला साचून थेंबथेंब आईच्या गोधडीवर. दुसऱ्या दिवशी तिला लॉजवर नेलं, दोन रात्री, 3,200. घर बरोबर असताना खोलीचं भाडं भरताना कसं वाटतं ते भरल्याशिवाय कळत नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवली असती तर पाणी साचलं नसतं, हे लॉजच्या वॉचमननं सांगितलं.

पाचवड, आनेवाडी, सातारा. गाडी सध्या मिस्त्रीकडं उभी आहे. प्लायवूडचं कपाट काढून ॲल्युमिनियमचं बसवायला सांगितलंय, आणि पाण्याची टाकी अर्धीच भरून निघायचं ठरवलंय. दाजींनी डब्यांचाही विषय काढला होता. आईनं त्यांना विचारलं, की कच्छात तुम्हाला लोणचं कोण देणार.