वर्णन वाचून रासायनिक समीकरण लिहिताना

नाशिकमधील एका कृषी सेवा केंद्रातील नोकरी सांभाळत मी सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसलो, तेव्हा विज्ञानात सर्वाधिक वेळ घेतला तो अभिक्रियेच्या वर्णनावरून संतुलित समीकरण लिहिण्याच्या प्रश्नाने. अणू मोजून दोन्ही बाजू सारख्या करणे सरावाने जमते. खरा कस लागतो तो वर्णन वाचताना.

मी प्रथम वर्णनातील प्रत्येक पदार्थाखाली रेघ ओढत असे, मग काय घेतले आणि काय तयार झाले ते बाणाच्या दोन बाजूंना शब्दांतच मांडत असे. तापवणे किंवा उत्प्रेरक यांची जागा बाणावर. रेणुसूत्रे त्यानंतर. त्यासाठी संयुजा, म्हणजे अणूची किंवा अणुगटाची इतरांशी जोडले जाण्याची क्षमता, तोंडपाठ हव्यात: ॲल्युमिनियमची ३ आणि सल्फेटची २, म्हणून ॲल्युमिनियम सल्फेटात दोन ॲल्युमिनियम व तीन सल्फेट. एकदा ठरलेल्या सूत्रातील खालच्या आकड्याला संतुलनासाठी हात लावायचा नाही, कारण पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा एक अणू वाढवला तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होते.

वर्णन सगळे सांगत नाही. ‘चुन्याच्या निवळीतून कार्बन डायऑक्साइड सोडला असता ती दुधाळ होते’ या वाक्यात एकाही उत्पादिताचे नाव नाही. दुधाळपणा अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेटचा, हे ठाऊक असावे लागते. पाणी मात्र हिशोबातून सापडते, कारण निवळीतील कॅल्शियम हायड्रॉक्साइडमधला हायड्रोजन कुठे तरी जायलाच हवा.

तांबे आणि नायट्रिक आम्लाच्या प्रश्नात तर एका विशेषणावर सारे समीकरण फिरते. आम्ल संहत (तीव्र) असेल तर तांब्याच्या एका अणूला आम्लाचे चार रेणू लागतात आणि कॉपर नायट्रेट व पाण्याबरोबर तांबूस-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तेच विरल (पाणी घालून सौम्य केलेले) असेल तर तांब्याच्या तीन अणूंना आठ रेणू लागतात आणि रंगहीन नायट्रिक ऑक्साइड मिळतो. तयार समीकरणे घोकायला लावणारी गाइडे मला इथेच कुचकामी वाटली.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो दुकानातल्या मालाचा. द्राक्षबागांसाठी मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट) आणि चुना आम्ही रोजच विकतो. हे दोन्ही पाण्यात मिसळून केलेल्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकात आम्लता उरली आहे का, हे पाहण्यासाठी बागायतदार त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजतात. हेच वर्णन समजून मी समीकरण लिहिले: लोह अधिक कॉपर सल्फेट, बाण, फेरस सल्फेट अधिक तांबे. विस्थापन अभिक्रिया, आणि मुळातच संतुलित. मिश्रणाचेही सोपे समीकरण मांडले: कॉपर सल्फेट अधिक कॅल्शियम हायड्रॉक्साइड, बाण, कॉपर हायड्रॉक्साइड अधिक कॅल्शियम सल्फेट. प्रत्यक्षात पडणारा निळा साका याहून गुंतागुंतीचा असतो, पण दहावीला एवढे पुरते. स्फटिकातील पाण्यासह मोरचुदाचे रेणुवस्तुमान सुमारे २५० आणि विरलेल्या चुन्याचे (कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे) ७४, म्हणजे या समीकरणानुसार १ किलो मोरचुदाला सुमारे ३०० ग्रॅम शुद्ध विरलेला चुना पुरायला हवा. एक टक्का मिश्रणाचे जुने प्रमाण मात्र १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असे आहे. बाजारातला चुना क्वचितच शुद्ध असतो, उघड्यावर राहिला की हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा कार्बोनेट होत जातो, आणि मिश्रण आम्लधर्मी राहिले तर कोवळी पाने करपतात. त्यामुळे चुना हात राखून घालून चालत नाही.