अंबडच्या वर्कशॉपमधलं काळं तेल: माझा अनुभव

कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. आमच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणाच्या अर्जात घातक कचऱ्याचा तपशील द्यायचा होता. कचऱ्याचा प्रकार, वर्षाचं प्रमाण आणि विल्हेवाट कशी लावणार, एवढंच विचारलेलं होतं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका लहान मशीनशॉपचं उत्पादन आणि कागदपत्रं दोन्ही मी बघते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. प्रकार लिहून झाले. प्रमाणापाशी गाडी अडली, कारण आमच्याकडे कचरा कधी कुणी मोजलाच नव्हता.

लहान वर्कशॉपमधल्या काळ्या, म्हणजे मशीनमध्ये वापरून झालेल्या तेलाचं काय होतं, हे या लायनीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कॅन घेऊन कुणीतरी येतो, रोख पैसे देतो आणि ते तेल सेंट्रिंगच्या फळ्यांना नाहीतर कुठल्यातरी भट्टीत जातं. तेलकट चिंध्या थंडीत शेकोटीला लागतात. कूलंट, म्हणजे धातू कापताना गारव्यासाठी सोडायचं तेल मिसळलेलं पाणी, गटारीत सोडलं की नाल्यातून नंदिनीला, म्हणजे आपल्या नासर्डीला, आणि पुढे गोदावरीला. वापरलेल्या तेलात धातूचे बारीक कण असतात. ते साध्या भट्टीत जाळलं की त्यातलं बरंच काही धुरातून आसपासच्या वस्तीवर उतरतं. आमची निम्मी माणसं चुंचाळे आणि सिडकोत राहतात. मला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

२०१६ च्या घातक कचरा नियमांत आमच्यासारख्यांच्या कामाचं जे आहे ते थोडक्यात असं: नियमांच्या यादीत वापरलेलं तेल क्रमांक ५.१ मध्ये येतं, तेलाचा गाळ ५.२ मध्ये, रसायनाची रिकामी पिंपं ३३.१ मध्ये आणि तेलकट चिंध्या ३३.२ मध्ये. चिंधीलाही स्वतःचा क्रमांक आहे, हे आमच्या शॉपवर कुणाला खरं वाटेना.

मग मोजायला सुरुवात केली. चिंध्यांसाठी झाकणाचा डबा, तेलासाठी खुणा केलेलं पिंप, शेजारी वजनकाटा आणि वही. लेथवरचे मामा म्हणाले, "ताई, माल मोजायचा सोडून कचरा काय मोजताय?" पण वही भरू लागली तशी सगळ्यात आधी त्यांनाच त्यातली गोष्ट दिसली. चिंध्यांचा मोठा वाटा एकाच मशीनजवळून येत होता. तिथल्या हायड्रॉलिक पॉवर पॅकमधून, म्हणजे मशीनला तेलाचा दाब पुरवणाऱ्या युनिटमधून, तेल पाझरायचं आणि पोरं दर पाळीला ते पुसत बसायची. ऑइल सील बदलले, खाली ट्रे लावला, आणि चिंध्यांचा डबा निम्म्यावर आला. तेलाची खरेदीही उतरली. विल्हेवाटीचा अर्ज भरता भरता कचराच कमी झाला, आणि यापुढचं सगळं काम मी याच दिशेनं नेलं.

कूलंटवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला. सुट्टीनंतर मशीन सुरू केलं की कुजकट वास येतो, हात खाजतात, मग टाकी रिकामी करून नवं कूलंट भरायचं, हे चक्र सगळीकडे चालतं. कारण सोपं आहे. मशीनचे भाग ज्यावरून सरकतात त्या स्लाइडवेचं तेल गळून टाकीत वर तरंगतं. मशीन बंद असताना त्या थराखाली हवा पोहोचत नाही आणि हवेविना जगणारे जिवाणू वाढतात. वास त्यांचा असतो. आम्ही टाकीवर बेल्ट स्किमर लावला, तो तरंगतं तेल ओढून वेगळं काढतो. पाण्यात कूलंट किती टक्के आहे ते दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला आणि रोज सकाळी एक थेंब तपासू लागलो. आमच्या कामाला पाच ते सात टक्के पुरतं, अंदाजानं ओतणारा माणूस हमखास जास्त ओततो. बोअरचं पाणी बंद केलं, क्षारांनी कूलंट फाटतं. आणि मिसळताना आधी पाणी, मग त्यात कूलंट. उलट केलं की नीट मिसळत नाही. आता टाकी बदलायची वेळ पूर्वीपेक्षा फार उशिरा येते.

लोखंडाचा कीस तिरप्या जाळीवर निथळायला ठेवतो. निथळलेलं कूलंट गाळून परत टाकीत. ओल्या मालाला भंगारवाला वजनात कट मारतो, कोरड्याला भाव बरा मिळतो. अॅल्युमिनियम आणि पितळ वेगळ्या डब्यांत.

आता कागदांचं. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरच होतो. पाणी, हवा आणि घातक कचरा या तिन्हींची परवानगी एकत्रच मिळते. त्र्यंबक रोडला आयटीआयजवळ उद्योग भवनात मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, शंका तिथे विचारल्या. वहीतले आकडे हातात असल्यामुळे बोलणं सोपं गेलं. साठवण ९० दिवसांपेक्षा जास्त करता येत नाही. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असेल तर मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. लहान युनिटनं हे नक्की विचारावं, कारण अर्ध्या पिंपासाठी कुठलीच गाडी येत नाही.

जागाही नियमात बसवावी लागली. पक्की फरशी, वर पत्रा, आणि कडेनं उंबरा, म्हणजे पिंप फुटलं तरी तेल बाहेर जाऊ नये. प्रत्येक पिंपावर फॉर्म ८ चं लेबल.

तेल नोंदणीकृत रिसायकलरला द्यायचं. तो त्यातलं पाणी काढून, ऊर्ध्वपातन करून पुन्हा बेस ऑइल, म्हणजे वंगण बनवायचं मूळ तेल, मिळवतो. गाडी आली की फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, भरायचं. त्याच्या सात रंगीत प्रती असतात. वाहतूकदाराच्या सहीची पिवळी आपल्याकडे राहते, आणि माल पोचल्यावर घेणाऱ्याच्या सहीनं निळी परत येते. निळी आल्याशिवाय माझ्या मते काम झालेलं नसतं. तेल गेटबाहेर गेलं म्हणजे जबाबदारी गेली, असं समजणारे बरेच भेटतात. चिंध्या आणि गाळासाठी पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राचं सभासदत्व घेतलं, तिथे भस्मक, म्हणजे कचरा जाळायची भट्टी, आणि सुरक्षित भरावभूमी दोन्ही आहेत. याला पैसे लागतात. शेठना मी कूलंट आणि तेलाच्या खरेदीतली बचत शेजारी लिहून दाखवली, मग सही झाली.

दर वर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म ४ भरून मंडळाला हिशेब द्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म ३ ची नोंदवही चालू ठेवली की जूनमध्ये धावपळ होत नाही. ती वही आता मामाच लिहितात.

ग्राइंडरचा गाळ अजून बाकी आहे. त्यात चाकाची रेती, लोखंड आणि तेल एकजीव झालेलं असतं, त्यामुळे निथळून भागत नाही. तो दाबून त्यातलं तेल काढणारा छोटा प्रेस बसवायचा विचार चालू आहे. वही सांगते त्याप्रमाणे रांजणगावला जाणाऱ्या वजनात सगळ्यात मोठा भाग आता त्याचाच आहे.