हरिश्चंद्रगड गुहा सफाई : कोरड्या गुहा होत आल्या, केदारेश्वरचा तळ बाकी

मंदिराभोवतीच्या कोरड्या गुहा जवळपास साफ झाल्यात. गणेश गुहेतली चुलींची राख अर्धी निघाली आहे. केदारेश्वर या पाण्याने भरलेल्या, शिवपिंडीच्या गुहेत वर तरंगणारं सगळं काढलं, तळ मात्र तसाच आहे.

बाटल्या आणि पत्रावळ्या उचलल्या की गुहा लगेच स्वच्छ दिसायला लागते, आणि फसगत तिथेच होते. गुटख्याच्या पुड्यांचे फाडलेले कोपरे, मॅगी मसाल्याच्या पाकिटांच्या चिंध्या, काचेचे कण मातीत रुतलेले असतात. डोक्यावरच्या टॉर्चच्या सरळ उजेडात ते दिसतच नाहीत. टॉर्च काढून जमिनीलगत आडवी धरा. चंदेरी कोपरे लगेच चमकतात, काचेची सावली लांब पडते. एकाने उजेड धरायचा, दुसऱ्याने चिमट्याने वेचायचं. खराटा नकोच. त्याने थर्माकोलचे मणी सुटे होऊन पसरतात आणि पातळ प्लॅस्टिक मातीखाली जातं. मण्यांवर ओलं फडकं दाबलं की चिकटून येतात.

राखेवर आधी थोडं पाणी शिंपडा, नाहीतर बंद जागेत ती तासभर खाली बसत नाही. मग सुपलीने घमेल्यात भरून चाळा, कारण आत काच आणि खिळे हमखास सापडतात. काजळी आणि भिंतीवर खरडलेल्या नावांना हात लावू नका. तारेचा ब्रश किंवा ॲसिड लागलं की नावाबरोबर छिन्नीच्या खुणाही जातात. ते पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचं काम. वटवाघळं असतील त्या कोपऱ्यात जायचं नाही, त्यांची विष्ठा हा कचरा नाही. कचरा तिथेच जाळायचा तर विचारही नको. आगीने कातळाचे पापुद्रे सुटतात, आणि चंदेरी पाकिटं जळाली तरी ॲल्युमिनियमचा थर मागे उरतोच.

केदारेश्वरचं गणित वेगळं आहे. पाणी कमरेएवढं आणि बर्फासारखं गार. पावसाळ्यात वाटेवरचा ओढाच आडवा येतो, त्यामुळे काम पाऊस ओसरल्यावरच. पहिलं पाऊल पडताच गाळ उठतो आणि तळ दिसेनासा होतो. म्हणून तरंगणारं सगळं काठावरूनच, लांब दांड्याच्या जाळीने काढायचं. मग दोघांनीच आत उतरून एकाच दिशेने सरकायचं. पाय उचलून टाकू नका, घासत पुढे न्या, म्हणजे काच पायाखाली येण्याआधी बुटाच्या टोकाला लागते. हात बुडवून चाचपायचं नाही, तळाचं सगळं जाळीनेच वर घ्यायचं. माणसाला पंधरा मिनिटांच्या वर आत ठेवू नका, बोटं बधिर झाली की काच लागलेलीही कळत नाही. पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उरलाय. त्याला टेकायचं नाही, दोर बांधायचा नाही, पोतं टेकवायचं नाही.

पाण्यातला कचरा निथळल्याशिवाय पोत्यात भरू नका. ओले वाइप्स आणि चिंध्या दुप्पट जड होतात, आणि ते ओझं घेऊन पायथ्याच्या पाचनई गावाची वाट उतरायची असते. माणशी आठ ते दहा किलो पुरे. हातात पोतं घेऊन कातळावरून उतरताना तोल जातो, सॅकवर आडवं आवळून बांधा. बाटली आधी रिकामी करा, चेपा आणि झाकण लावा. झाकण नसेल तर ती परत फुगून जागा खाते. काच पोत्यात नाही, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात. वर्गवारी वरच करा. बाटल्या भंगारवाला घेतो, चंदेरी पाकिटं कोणीच घेत नाही, ती शहरात न्यावी लागतात. पाचनईत पोती ठेवून निघून जाणं म्हणजे आपला कचरा गावाच्या गळ्यात मारणं.

अभयारण्याचा भाग असल्याने वन विभागाला आधी कळवायचं आहेच. पुढच्या फेरीला बारीक छिद्रांच्या दोन जाळ्या, जाड रबरी हातमोजे आणि जाड तळाचे जुने बूट लागतील. गमबूट आणू नका, त्यात पाणी भरलं की पाय हलत नाही.