थांबता थांबता थरथरणारे पॅडल

आमचे गॅरेज रत्नागिरीत, समुद्रापासून फारसे लांब नाही; त्यामुळे जुन्या गाड्यांच्या पोटाखालचा गंज आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. मे महिन्यात एक निवृत्त शिक्षक आपली 2008ची गाडी घेऊन आले. वेगात ब्रेक उत्तम लागत होते. मात्र गाडी थांबत आली आणि वेग ताशी 10-15 किलोमीटरवर उतरला, की पॅडल पायाखाली थरथरे, पुढून करकर ऐकू येई आणि गाडी अपेक्षेपेक्षा हातभर पुढे जाऊन थांबे. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवाही अधूनमधून लागे. एका ठिकाणी त्यांना एबीएस युनिटच बदलावे लागेल असे सांगितले गेल्यामुळे ते धास्तावले होते.

सर्वांत महाग भागावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा, असे माझे मत आहे. चावी फिरवल्यावर दिवा लागून काही सेकंदांत विझत होता, म्हणजे युनिटची स्वतःची चाचणी पार पडत होती. ब्रेक ऑइल दोन खुणांच्या मध्ये होते, फ्यूज शाबूत होते आणि चारही टायर एकाच मापाचे होते. बॅटरी इंजिन बंद असताना 12.5 आणि चालू असताना 14.1 व्होल्ट दाखवत होती. व्होल्टेज पडले की एबीएस स्वतःच काम थांबवते, म्हणून ही तपासणी मी टाळत नाही. गाडीतले दोष वाचणारा साधा स्कॅनर अशा जुन्या गाड्यांत बहुधा इंजिनापुरताच बोलतो, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवली नाही.

मग मागच्या रिकाम्या रस्त्यावर एबीएसचा फ्यूज काढून गाडी सावकाश चालवली. साधे ब्रेक त्याविनाही लागतात, आणि थरथर पूर्ण गेली होती. म्हणजे दोष डिस्कमध्ये नसून एबीएस नको तेव्हा जागे होत होते.

गाडी जॅकवर घेऊन पुढच्या चाकांच्या बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, पाहिला, तो नव्हता. चाकांचा वेग मोजणाऱ्या दोन्ही सेन्सरचा रोध सुमारे 1100 ओहम भरला, म्हणजे त्यांच्या कॉइल ठीक होत्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाके हाताने फिरवली, तेव्हा उजवीकडचा आकडा स्थिर राहिला, तर डावीकडचा प्रत्येक फेऱ्यात एकदा खाली येई. टॉर्चच्या उजेडात चाक फिरवणाऱ्या शाफ्टवरची दातेरी रिंग, जिच्या दातांवरून सेन्सर वेग ओळखतो, ती पुसून पाहिली, तर दोन दातांमध्ये केसासारखी चीर होती आणि खाली फुगलेल्या गंजाने रिंग तिथे फाकली होती. कमी वेगात या सेन्सरचा सिग्नल मुळातच क्षीण असतो; त्यात चिरेपाशी तो चुकला, की चाक लॉक झाले असे समजून युनिट त्या चाकावरचा दाब सोडून देई.

रिंग सुटी मिळाली. जुनी कापून काढली, शाफ्ट गंज जाईपर्यंत घासला, नवी गरम करून बसवली आणि सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसला. गाडी नीट थांबू लागली. उजवीकडची रिंगही तितक्याच वयाची असल्यामुळे ती बदलावी असे मी सुचवले. "पावसाळा होऊ दे, मग बघू," असे म्हणून गुरुजी निघाले.