बाबांची दुनळी माझ्या नावावर होताना

काजूच्या बागेत डुकरं शिरतात म्हणून घेतलेली बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, आमच्या घरात बाबांच्या नावावर होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. बाबांनी सत्तरी ओलांडली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, की वारसाला त्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज, पोलीस चौकशी, भावंडांची ना-हरकत, कचेरीतले हेलपाटे हे सगळं कुठल्याही दाखल्यासारखंच. सांगावंसं वाटतं ते प्रशिक्षणाबद्दल.

आमचे उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले. नेम धरायला शिकवतील असं वाटलं होतं, पण बराच वेळ काडतूस नजरेलाही पडलं नाही. नुसती बंदूक एकमेकांच्या हातात देणं-घेणं. बंद दुनळी हातात घ्यायचीच नाही. देणाऱ्याने ती मोडून, म्हणजे नळ्या खाली वाकवून, उघडायची, दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का ते पाहायचं, मग द्यायची. घेणाऱ्यानेही पुन्हा पाहायचं, देणारा खुद्द उस्ताद असला तरी. तोंड सतत जमिनीकडे किंवा मोकळ्या बाजूला. बोट चापाच्या कमानीबाहेर, लाकडाला लागून सरळ.

सेफ्टीबद्दलचं त्यांचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर आपटून बार उडवणारा भाग. बिनघोड्याची दिसणारी दुनळी उघडली की आत लपलेले घोडे चढतात, म्हणजे आपटायला तयार होतात. वरचं सेफ्टीचं बटण बऱ्याच बंदुकांत फक्त चाप अडवतं, घोडे नाही. म्हणजे आतून झिजलेली जुनी बंदूक सेफ्टी लावलेली असतानाही जांभ्यावर आपटली तर बार उडू शकतो. म्हणून गडगा, म्हणजे बागेचं दगडी कुंपण, ओलांडायच्या आधी काडतुसं काढायची, उघडी बंदूक तोंड पलीकडे करून गडग्यावर ठेवायची आणि मग आपण चढायचं. आमच्याकडे भरलेली बंदूक खांद्याला लावून गडग्यावरून उड्या मारणारे खूप. आजवर काही झालं नाही, हेच त्यांचं प्रमाणपत्र.

दुसरी गोष्ट सर्दावलेल्या काडतुसांची. पावसाळ्यात हे होतंच. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर लगेच उघडून बघायचा मोह होतो. तेव्हा तोंड तसंच सुरक्षित बाजूला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण दारू उशिराने पेटू शकते.

खरा पेपर मात्र घरी होता. दुनळी वर्षानुवर्षं दाराआडच्या खुंटीला, काडतुसं शेजारच्या पिशवीत. मी उतरवून उघडली तर बाबा म्हणाले, “रिकामी आसा ती, घाबरतंस कित्याक?” मी अभिनेता गोविंदाची आठवण करून दिली. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत घरीच त्यांच्या पायाला स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ता रिव्हॉल्व्हर. ही बंदूक.”

शेवटी कामी आला तो गंज. भिंतीच्या ओलीने नळीला डाग पडायला लागलेत हे दाखवलं, तसे ते लोखंडी कपाटाला तयार झाले. बंदूक त्यात कुलपात, काडतुसं वेगळ्या डब्यात, त्याला वेगळं कुलूप. दोन्ही किल्ल्या अजून बाबांच्याच करगोट्याला आहेत. परवाना आता माझ्या नावावर आहे, तेव्हा त्या माझ्याकडे हव्यात. बोलणी चालू आहेत.