स्तोप्पाची वही : 23 चित्रपट, दोन पोप

पाओलो स्तोप्पा या इटालियन नटाचे चित्रपट बघून मी वहीत नोंदवतो. मागच्या नोंदीच्या वेळी वहीत 14 चित्रपट होते, आता 23 आहेत. आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्यातल्या चारांत आमचा माणूस येतो, दोन वाक्यं बोलतो आणि जातो. तरी नोंद होतेच, कारण नियम आपणच घालून घेतलाय: भूमिका कितीही लहान असो, चित्रपट पूर्ण बघायचा. पुढे पळवायचं नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. पाओलो स्तोप्पा, जन्म रोममध्ये 6 जून 1906, मृत्यू रोममध्येच 1 मे 1988. रंगभूमीवर 1927 पासून, चित्रपटांत 1930च्या दशकापासून, आणि चित्रपटांची संख्या शंभराच्या पुढे. बारीक अंगकाठी, चेहऱ्यावर सतत काहीतरी हिशेब चालू असल्याचा भाव. तुम्ही त्याला पाहिलेलं आहे, नाव माहीत नसेल इतकंच. सर्जो लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये (1968) क्लाउडिया कार्दिनालेला घोडागाडीत बसवून मॉन्युमेंट व्हॅलीतून स्वीटवॉटरला नेणारा सॅम आठवतो? तोच.

मीही तिथूनच सुरुवात केली होती. गाडीवानाचं काम इतकं मन लावून करणारा हा कोण, म्हणून श्रेयनामावली थांबवून नाव उतरवून घेतलं. पुढे कळलं की या गाडीवानाने रोमच्या रंगमंचावर ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकातला विली लोमन केलेला आहे. तेव्हापासून वहीची मांडणी बदलली. डाव्या पानावर चित्रपट, उजव्या पानावर त्याच सुमारास तो नाटकात काय करत होता ते.

ही मांडणी आधीच सुचायला हवी होती. 1951 घ्या. डावीकडे दिग्दर्शक दे सिकाचा ‘मिराकोलो आ मिलानो’. मिलानच्या कडेला झोपड्या घालून राहणारी गरीब माणसं, जमिनीखाली तेल सापडतं, आणि ही बातमी मालकाला नेऊन विकणारा राप्पी म्हणजे स्तोप्पा. आपल्याच माणसांशी दगा, आणि त्याची हौस काय, तर श्रीमंतासारखी उंच टोपी! उजवीकडे, त्याच वर्षी, ‘डेथ ऑफ अ सेल्समन’. दिग्दर्शक लुकीनो विस्कोन्ती, लोमनच्या भूमिकेत स्तोप्पा, लिंडा रीना मोरेल्ली, आणि धाकटा मुलगा हॅपी म्हणून मार्चेल्लो मास्त्रोयान्नी, तेव्हा सव्वीस वर्षांचा. स्तोप्पा पंचेचाळिशीच्या आत-बाहेर, म्हणजे लोमनच्या वयापेक्षा बराच लहान. एकाच वर्षात पडद्यावर टोपीसाठी माणसं विकणारा आणि रंगमंचावर स्वतःलाच विकत विकत संपून गेलेला. ही दोन पानं शेजारी आली त्या रात्री मी ‘मिराकोलो’ पुन्हा लावला. पहिल्या वेळी राप्पी मला नुसता हलकट वाटला होता. या वेळी त्याची घाई दिसली. सगळ्यांना मिळण्याआधी आपल्याला मिळालं पाहिजे, ही घाई. ती लबाडीपेक्षा भीतीच्या जवळची आहे.

अर्थात लोमन मी पाहिलेला नाही आणि पाहू शकणार नाही. छायाचित्रं तेवढी बघितली. उजव्या पानाचं हे दुखणं कायमचं. ‘द ग्लास मिनाजरी’ (1946), त्यात स्तोप्पा टॉम आणि मोरेल्ली लॉरा. चेखव्हचा ‘अंकल वान्या’ (1955), त्यात स्तोप्पा वान्या, मोरेल्ली सोन्या, मास्त्रोयान्नी आस्त्रोव्ह. ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’ (1958), त्यात एडी कार्बोने. यातल्या एकेका भूमिकेसाठी नट जन्मभर वाट बघतात. पडद्यावर त्याच माणसाच्या वाट्याला आले मुष्टियुद्धाचे ठेकेदार, सावकार, महापौर आणि विधुर.

ही सगळी नाटकं ज्या त्रिकुटाची, त्यात विस्कोन्ती आणि स्तोप्पाइतकीच रीना मोरेल्ली महत्त्वाची. स्तोप्पाची आयुष्यभराची सहचारिणी आणि रंगमंचावरची जोडीदारीण. नाटक मंडळी दोघांच्या नावाने चालायची. तिच्यासाठी वेगळी वही करावी का, असा विचार दोनदा मनात आला. दोनदाच झटकला, घरचे आधीच हसतात.

आता मोठी नोंद: विस्कोन्तीचा ‘इल गात्तोपार्दो’, म्हणजे ‘द लेपर्ड’ (1963).

आधी फजिती सांगतो. जुनी डीव्हीडी हौसेने मागवली. घरी येऊन लावली तर इंग्रजी आवाजातली, कापलेली आवृत्ती, 161 मिनिटांची. इटालियन आवृत्ती तीन तासांच्या पुढे जाते. विकणाऱ्याने वेष्टनावर काही लिहिलेलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. इंग्रजीत बर्ट लँकॅस्टरचा स्वतःचा आवाज मिळतो हे खरं, पण मला लँकॅस्टर नको होता. इटालियनमध्ये लँकॅस्टरला कोर्रादो गाइपाचा आवाज आहे आणि स्तोप्पा स्तोप्पाच्याच आवाजात बोलतो. आपल्या कामाची ती. पूर्ण आवृत्ती मिळायला आणखी दीड महिना गेला.

सिसिली, 1860. इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्दी उतरलाय, जुनं सरंजामी जग खचतंय, आणि दोन्नाफुगाता गावात दोन कालोजेरो सेदारा (हा ‘दोन’ आकडा नव्हे, नावाआधीचा मानाचा शब्द) नावाचा माणूस जमिनी घेत घेत महापौर झालाय. त्याची मुलगी आंजेलिका (कार्दिनाले) आणि राजपुत्राचा (लँकॅस्टर) भाचा तान्क्रेदी (आलँ देलाँ) यांचं लग्न म्हणजे पैसा आणि घराणं यांची सोयरीक. सेदारा म्हणजे स्तोप्पा.

मी या चित्रपटातले त्याचे प्रसंग तीनदा पाहिले. पहिला येतो तो जेवणाचा. राजपुत्र साध्या कपड्यांत आहे, आणि निरोप येतो की दोन कालोजेरो जिना चढतोय, अंगात टेलकोट! कोट महागाचा, शिलाई भयानक. इथे दुसऱ्या कुणी हशा वसूल केला असता. स्तोप्पाला मात्र कोट वाईट आहे हे ठाऊकच नाही. तो खुशीत आहे, आणि हसू राजपुत्राच्या घरच्यांच्या चेहऱ्यांवर फुटतं.

मग इटलीच्या एकीकरणावरच्या सार्वमताचा निकाल. सज्ज्यातून महापौर सेदारा वाचून दाखवतोय: झालेली मतं 512, ‘हो’ 512, ‘नाही’ शून्य. वारा मेणबत्त्या विझवतोय, खाली बँड भलत्याच वेळी वाजायला लागतो, तो थांबतो, पुन्हा सुरू करतो. विनोदी प्रसंग आहे आणि मी मोठ्याने हसलोही. पण थोड्या वेळाने शिकारीच्या सोबतीला असलेला दोन चिचो राजपुत्राला सांगतो की आपण ‘नाही’ असं मत दिलं होतं. तेव्हा तो शून्य परत आठवतो, आणि तो वाचतानाचा सेदाराचा सराईत स्वरही.

तिसरा प्रसंग मागणीचा, माझा सगळ्यात आवडता. राजपुत्र भाच्यासाठी मुलगी मागतो. लँकॅस्टर धिप्पाड, स्तोप्पा त्याच्या खांद्याखाली. मागणी होते, आणि राजपुत्र कडू औषध एका घोटात घ्यावं तसं त्याला मिठीत धरून उचलतो. होणाऱ्या व्याह्यांचे पाय अधांतरी! खाली टेकल्याबरोबर सेदारा हुंड्याची यादी सांगायला लागतो: जमीन, सोनं, सगळं. वर आणखी, आपलं घराणंही मूळचं सरदारांचंच, कागद जवळपास झालेत. पदवी काय, तर ‘बिस्कोत्तो’चे बॅरन. आपल्याकडच्या बैठकीतले मुलीकडचे लोक तुम्ही पाहिले असतील, तर यादी सांगताना आवाज कुठे खाली येतो आणि कुठे मुद्दाम सहज होतो हे कान लगेच ओळखतात. इटालियन न कळतासुद्धा मला ते ओळखू आलं.

यात एक गंमत दडलीय. राजपुत्राची बायको मारिया स्तेल्ला रीना मोरेल्लीने केलीय. आपल्या मुलीला, कोन्चेत्ताला, सोडून तान्क्रेदी त्या सेदाराच्या पोरीशी लग्न करणार, हे ऐकून ती अंथरुणात आकांत करते. म्हणजे आयुष्यभराची जोडीदारीण पडद्यावर रडतेय ती याच्या मुलीमुळे. दोन पानांची वही नसती तर मला हे सुचलं नसतं.

आणि शेवट. नाच संपलाय, पहाट झालीय. बंडखोरांना गोळ्या घातल्याचा आवाज येतो. घोडागाडीत पेंगुळलेला सेदारा समाधानाने म्हणतो की सैन्य कामाचं आहे, आता निर्धास्त राहता येईल. इतका वेळ ज्याला आपण हसलो, तो आता सत्तेत आहे. स्तोप्पा या वाक्याला जरासुद्धा जोर देत नाही.

1960चं पान लिहिताना पुन्हा असाच योग आला. डावीकडे विस्कोन्तीचाच ‘रोक्को ए इ सुओई फ्रातेल्ली’, त्यात स्तोप्पा मुष्टियुद्धातला चेर्री. हा चित्रपट जोव्हान्नी तेस्तोरीच्या कथांवरून घेतलेला. उजवीकडे त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये रोमच्या एलिसेओ नाट्यगृहात ‘लारियाल्दा’, लेखक तोच तेस्तोरी, दिग्दर्शक तोच विस्कोन्ती, नट स्तोप्पा आणि मोरेल्ली. ते नाटक 1961मध्ये मिलानला गेलं आणि अश्लील ठरवून बंद पाडलं गेलं. उजव्या पानावरचं हेच एक नाटक, ज्यावर मी लाल शाईने लिहिलंय.

बाकी नोंदी भरभर. ‘लोरो दी नापोली’ (1954): अंगठी हरवलेल्या सोफिया लोरेनच्या गोष्टीतला नुकता विधुर झालेला दोन पेप्पीनो. शोकात जीव द्यायला धावतो, शेजारीपाजारी धरून ठेवतात, आणि त्या गोंधळात लोकांना हवी असते फक्त अंगठीची चौकशी. दहापैकी नऊ. ‘कारोसेल्लो नापोलेतानो’ (1954): गल्लोगल्ली फिरणारा गाणाऱ्या कुटुंबाचा बाप. रंग सुरेख, मला थोडा लांबला.

आता पोप. ‘बेकेट’ (1964) मध्ये तो पोप तिसरा अलेक्झांडर. मूळ फ्रेंच नाटकातच हा पोप किरकोळ, चुळबुळ्या आणि इटालियन ढंगात बोलणारा असा लिहिलेला आहे. सोबत कार्डिनल म्हणून जीनो चेर्व्ही. पीटर ओ’टूल आणि रिचर्ड बर्टन यांच्या गडगडाटात हे दोघे येतात आणि दुकानातले भागीदार गल्ल्यामागे कुजबुजावेत तसं धर्मकारण करतात. मग 1981, मारियो मोनिचेल्लीचा ‘इल मार्केसे देल ग्रिल्लो’, आणि स्तोप्पा सातवा पायस. समोर आल्बेर्तो सोर्दीचा उनाड सरदार. रोममध्ये न्याय मेला म्हणून हा गावभर घंटा वाजवायला लावतो. पंच्याहत्तरीतला स्तोप्पा फारशी हालचाल करत नाही, फक्त ऐकतो. पुढच्याच वर्षी, मोनिचेल्लीच्याच ‘आमीची मिएई’च्या दुसऱ्या भागात तो व्याजाने पैसे देणारा सावकार. पोपच्या गादीवरून थेट वसुलीला!

आवाजाचं पान अजून अर्धंच आहे. परदेशी चित्रपटांच्या इटालियन आवृत्त्यांत तो बोलायचा. 1930च्या दशकात फ्रेड अस्टेअरला त्याचा आवाज होता, पुढे रिचर्ड विडमार्क आणि कर्क डग्लस यांना काही चित्रपटांत. नाचणारा अस्टेअर आणि आतून स्तोप्पा, हे ऐकल्याशिवाय वही पूर्ण धरणार नाही.

उजव्या पानावरचं एकच नाटक मला जरा हाताशी वाटतं. जेरोम किल्टीचं ‘डिअर लायर’, नाटककार बर्नार्ड शॉ आणि नटी मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांच्या पत्रांवरचं. स्तोप्पा शॉ, मोरेल्ली मिसेस कॅम्बेल. मुंबईत हेच नाटक नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांनी ‘मोटले’ या नाट्यसंस्थेतर्फे केलं. तिथेही खऱ्या आयुष्यातली जोडी. मी तो प्रयोग पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांनी मला एक सांगा: पत्र वाचणारा बोलत असताना दुसरा काय करत होता?

1976च्या ओळीशी पेन थांबलं. मार्चमध्ये विस्कोन्ती गेला, जुलैमध्ये रीना मोरेल्ली. त्या दोन तारखांखाली स्तोप्पाच्या नावावर इटालियन टीव्ही मालिका आहे, 1930च्या दशकातल्या मिलानमधला पोलीस कमिसार दे व्हिन्चेन्झी. पहिला भाग 1974चा, दुसरा 1977चा. म्हणजे मधल्या वर्षात घरातलं माणूस गेलं, आणि तो त्याच भूमिकेत परत आला.

पुढच्या महिन्यात तीच मालिका. दोन्ही भाग ओळीने बघणार, आधी 1974, मग 1977. उपशीर्षकं मिळालेली नाहीत, तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचं.